गावच्या दवाखान्यात आहारतज्ज्ञ पाहिजे का नको?

मोहोळकर: आपल्याकडं पीएचसीत (प्राथमिक आरोग्य केंद्रात) बीपी-शुगर तपासतात, गोळ्या देतात, पण खायचं काय ते कोण नीट सांगत नाही. आईला शुगर निघाली तेव्हा सोलापुरात एका खाजगी दवाखान्यातनं डाएटचा छापील कागद मिळाला, ८ ला नाष्टा, ११ ला फळ, ४ ला ग्रीन टी. आई ७ ला द्राक्षबागेत असते ओ, फडक्यात भाकरी न शेंगाची चटणी बांधून. माझं मत, प्रत्येक पीएचसीत आठवड्यातनं एक दिवस तरी आहारतज्ज्ञ बसलाच पाहिजे, आणि आपलं जेवण ओळखणारा पाहिजे.

माळशिरसचा शेतकरी: अजिबात पटलं नाही. सल्ला भरपूर आहे, पैसा नाही. रेशनवर गहू-तांदूळ मिळतो, डाळ, भाजी, अंडी विकतच आणायची. शाळेतल्या पोषण आहारातल्या अंड्याचा निधी सरकारनं जानेवारी २०२५ मध्ये बंद केला, लोकवर्गणीतनं द्या म्हणाले. पोरांच्या ताटातलं अंडं काढायचं आणि वर प्रोटीन खा म्हणून सांगायला पगारी माणूस नेमायचा? आणि मंगळवेढ्याची मालदांडी ज्वारी, हुलग्याचं माडगं, मटकीची उसळ हे आपल्याला कुणी शिकवायची गरज नाही.

अंगणवाडीतली ताई: दादा, अंड्याचं अगदी बरोबर. पण मालदांडी चांगली म्हणून शुगरवाले दोन वेळेला चार-चार भाकरी खातात न वर कालवणाचा नुसता रस्सा, हे मी रोज बघते. १०० ग्रॅम ज्वारीत साधारण ७० ग्रॅम कर्बोदकंच असतात, भाकरी कमी करून उसळ वाढवा असं कुणीतरी बसून सांगायला लागतं. गरोदर बायका लोहाची गोळी चहाबरोबर घेतात, मग ती अंगाला कशी लागणार? तीच गोळी लिंबू पिळलेल्या भाजी-भाकरीनंतर घेतली तर फरक पडतो, यात पैसा कुठं लागतो सांगा. राज्यात १५ ते ४९ वयाच्या निम्म्याहून जास्त बायकांना रक्त कमी आहे, सरकारच्याच पाहणीत ५४ टक्के आलंय.

बार्शीवाला: ताई, हे तुम्हीच किती छान सांगितलं! मग वेगळा माणूस कशाला? आशाताई, सेविका, उपकेंद्रातले सीएचओ (समुदाय आरोग्य अधिकारी) यांनाच ट्रेनिंग द्या आणि मानधन वाढवा. शहरातला आहारतज्ज्ञ आठवड्यातनं एकदा येणार, सासूच्या हातात स्वयंपाक आणि सून शेवटी उरलंसुरलं खाते हे त्याला दिसणार पण नाही.

अंगणवाडीतली ताई: वजन-उंची घ्या, मोबाईलवर पोषण ट्रॅकर भरा, सर्व्हे करा, त्यात अजून हे पण आमच्यावरच?

मोहोळकर: बार्शीवाले, साध्या गोष्टी आशाताई सांगतीलच. पण आमच्या शेजारी डायलिसिसचा पेशंट आहे, भेटायला येणारा प्रत्येक जण शहाळं घेऊन येतो. शहाळ्यात पोटॅशियम जास्त, किडनी बंद पडलेल्या माणसाला ते जिवावर बेतू शकतं. गरोदरपणातली शुगर असली की आईचंही बघायचं न पोटातल्या बाळाचंही. हे ट्रेनिंगच्या दोन दिवसात येत नाही. आठवडी बाजाराच्या दिवशी बसवा, लोक तसंही वाडी-वस्तीवरनं येतात, पिशवीत काय घेतलंय ते बघून तिथंच सांगता येईल.

माळशिरसचा शेतकरी: बाजारादिवशी बसवायचं असंल तर माझी ना नाही, पण आधी शाळेतली अंडी चालू करा. ग्रामसभेत दोन्ही मागण्या एकाच ठरावात घालणार असाल तरच मी सही करणार.