चालकाचे दार उचलून लावावे लागते : कडी सरकवावी की बिजागरीचे काम करावे?

इंदिरानगरवासी (नाशिक)

नमस्कार. आमच्याकडे 2011 सालची छोटी पेट्रोल गाडी आहे. तिचे चालकाच्या बाजूचे दार वर्षभरात हळूहळू खाली ओघळत गेले असून, आता नुसते ढकलले तर ते अर्धवट बसते, समोरचा दाराचा लाल दिवा विझत नाही आणि शेवटी खालून हात देऊन किंचित उचलून आपटावे लागते. मागच्या महिन्यात एका गॅरेजमध्ये दाखवले, तेव्हा त्यांनी दहा मिनिटांत मधल्या खांबावरची कडी, म्हणजे स्ट्रायकर, खाली सरकवून दिला. दोन आठवडे दार छान लागत होते. नंतर इगतपुरीहून भर पावसात परत येताना दाराच्या वरच्या मागच्या कोपऱ्यातून थेंब थेंब पाणी खांद्यावर पडू लागले, आणि वेग 80 च्या पुढे गेला की शिट्टीसारखा आवाज येतो. पुढच्या दाराच्या पत्र्यावरची आडवी घडी मागच्या दाराच्या घडीपेक्षा सुमारे 5 मिलिमीटर खाली दिसते. कडी पुन्हा हलवून घ्यावी, की दोष दुसरीकडेच आहे? घरी तपासून पाहण्यासारखे काही असेल तर कृपया सविस्तर सांगावे.

सातपूरचा डेंटर

दोष कडीचा नाही. दार लोंबलेले आहे, आणि कडी खाली घेऊन त्याला लोंबलेल्याच जागी बंद होण्याची सोय करून दिली आहे. त्यामुळे कुलूप लागते, पण दाराची वरची चौकट छतापासून दूरच राहते आणि तिथे रबर दाबले जात नाही. पाणी आणि आवाज या दोन्हींचे कारण तेच आहे. कडीचे काम दाराला धरून ठेवण्याचे आहे, त्याचे वजन उचलण्याचे नाही. म्हणून कडीला नेहमी सर्वांत शेवटी हात लावावा.

गाडी सपाट जागी उभी करा, एका बाजूने जॅक लावलेला नसावा. दार अर्धे उघडून मागच्या टोकाला दोन्ही हातांनी धरा आणि हळूच वर उचला, खाली सोडा. या वेळी दुसऱ्या कोणाला तरी बिजागऱ्यांकडे टॉर्च धरून पाहायला सांगा. पिन बिजागरीच्या आत हलत असेल तर बिजागरी झिजली आहे. संपूर्ण बिजागरीच खांबावर हलत असेल तर बोल्ट सैल आहेत किंवा खांबाचा पत्रा फाटत चालला आहे, आणि फाटलेल्या पत्र्यावर बोल्ट आवळून काहीही साधत नाही. त्यानंतर दार अगदी सावकाश बंद करत मागच्या कडेकडे पाहा. कुलूप लागताना दार वर चढत असेल, तर ते कडीवर घासत चढते आहे. कडीच्या वरच्या अंगाला चकचकीत ओरखडाही दिसेल.

दार स्वतःच्या वजनाने नेमके कुठे बसते हे पाहायचे असेल, तर कडीभोवती पेन्सिलने रेघ मारून ती काढून ठेवा आणि दार हाताने धरून रबरापर्यंत टेकवा. मात्र जुन्या गाडीत कडीचे दोन्ही बोल्ट एकदम काढण्याआधी विचार करा. खांबाच्या आत आट्यांची एक पट्टी असते, ती सरकती असते म्हणूनच कडी हलवता येते, आणि तिला धरणारा पत्रा गंजला असेल तर ती आत पडते. ती बाहेर काढताना अर्धा दिवस जातो.

बिजागरी ठीक असेल तर दाराखाली जॅक, त्यावर लाकडी फळी आणि जाड कापड ठेवून दाराचा भार जॅकवर घ्यावा. एका वेळी एकाच बिजागरीचे बोल्ट सैल करावेत, तेही दार जेमतेम सरकेल इतपतच. मागचे टोक वर आणायचे म्हणजे वरची बिजागरी किंचित पुढे घ्यायची, किंवा खालच्या बिजागरीमागे पातळ वॉशर देऊन दाराचा खालचा भाग मागे ढकलायचा. दोन बिजागऱ्यांमध्ये 400 मिलिमीटर अंतर आणि दाराची लांबी 1000 मिलिमीटर धरली, तर बिजागरीवर सरकवलेल्या 1 मिलिमीटरने मागचे टोक अडीच मिलिमीटर उचलले जाते. आपल्याला 5 मिलिमीटर हवे आहेत, म्हणजे बिजागरीवर जेमतेम 2 मिलिमीटरचे काम आहे. बोल्ट आवळल्यावर दार लगेच पूर्ण उघडू नये. पुढची कड मडगार्डला टेकत असेल तर पहिल्याच झटक्यात रंग उडतो. काही गाड्यांत बिजागरीचा खांबाकडचा भाग वेल्डिंग केलेला असतो. तिथे फक्त दाराकडच्या बोल्टवरच काम होते.

एक विचारायचे राहिले : उतरताना दारावर भार देऊन कोणी उठते का?

अंबडचा लेथवाला

वरच्या माहितीला एक पुस्ती जोडतो. पिन झिजलेली निघाली तर बोल्ट सरकवून बसवलेले दार फार दिवस टिकत नाही. पिन ठोकून काढता येण्याजोगी असेल तर गनमेटलचा नवा बुश, म्हणजे पिन जिच्यात फिरते ती नळी, आणि नवी पिन लेथवर करून मिळते. पिनेची टोके चेपून रिव्हेट केलेली असतील तर संपूर्ण बिजागरीच बदलावी, कारण ती फोडून पुन्हा जुळवण्यात पैसे वाचत नाहीत आणि काम कच्चे राहते.

गोदाकाठ

कुलपाचीही खात्री करून घ्यावी. दार उघडे असताना कुलपाचा आकडा स्क्रू ड्रायव्हरने आत दाबला की दोन वेळा खट् असा आवाज यायला हवा. एकदाच आला तर आत जुने ग्रीस घट्ट झालेले असते. तपासून झाल्यावर बाहेरचा खटका ओढून आकडा पुन्हा मोकळा करायला विसरू नये, नाहीतर बंद आकडा कडीवर आपटून दोन्ही बिघडतात.

इंदिरानगरवासी (नाशिक)

सर्वांचे मनापासून आभार. आपण विचारलेल्या प्रश्नातच कारण सापडले. गाडी बहुतेक वेळा वडील चालवतात, त्यांचे गुडघे दुखतात, आणि उतरताना ते उघड्या दाराच्या काचेच्या चौकटीवर पूर्ण भार देऊन उठतात. हे मी रोज पाहत होतो, पण दाराशी त्याचा संबंध लावला नव्हता.

रविवारी तपासले तेव्हा वरच्या बिजागरीची पिन स्पष्ट हलत होती, खालची घट्ट होती. पिन रिव्हेट केलेली असल्यामुळे वरची बिजागरी नवीन घेतली आणि खालच्या बिजागरीमागे 1 मिलिमीटरचा वॉशर दिला. मग कडी तिच्या मूळ जागी, म्हणजे रंगावर उमटलेल्या जुन्या खुणेवर, परत आणली. आता घडीला घडी जुळते आणि एका बोटाने ढकलले तरी दार बसते. वर्तमानपत्राची पट्टी दारात धरून चारी बाजूंनी ओढून पाहिली, तर सगळीकडे ती अडकत अडकत निघते. फक्त वरच्या मागच्या कोपऱ्यात अजून सहज सुटते, कारण तिथले रबर चपटे झाले आहे. ते याच आठवड्यात बदलून घेणार आहे. वडील आता आधी दोन्ही पाय बाहेर टेकवतात आणि मधल्या खांबाला धरून उठतात. काढलेली बिजागरी त्यांना दाखवली, तेव्हा पिनेवर पडलेली खाच त्यांनी स्वतः नखाने चाचपून पाहिली.