घारापुरीची ‘त्रिमूर्ती’ नेमकी कोणाची?

कातळवेडा:
काल येथे एका सदस्याने घारापुरीच्या शिल्पाचे छायाचित्र टाकून खाली ‘ब्रह्मा-विष्णू-महेश’ असे लिहिले आणि बघता बघता नमस्कारांची रांग लागली, म्हणून हा स्वतंत्र धागा. ही त्रिमूर्ती नव्हे, हा सदाशिव, म्हणजे पाच मुखांचा शिव आहे. आपल्या डावीकडचे तोंड नीट पाहावे: मिशा, उग्र मुद्रा, हातात नाग. हा ब्रह्मदेव कसा? तो अघोर. उजवीकडे कमळ धरलेला, जवळजवळ स्त्रीमुखी वामदेव आणि मध्ये शांत तत्पुरुष. चौथे तोंड मागे कातळात आणि पाचवे वर, अशी दोन्ही न कोरताच मानायची. एका बाजूला अर्धनारीश्वर, दुसऱ्या बाजूला गंगाधर, प्रवेशाशी नटराज, असे सहाव्या शतकातले हे लेणे उघडउघड शिवाचे असताना नेमक्या मुख्य भिंतीवर ब्रह्मा-विष्णूंना हिस्सा द्यायला ती काय भाऊबंदकीची वाटणी होती?

शेतबंदरकर:
टोमणा आवडला, मुद्दा नाही. माझे आजोळ बेटावरचेच. आजी हात जोडताना ‘त्रिमूर्ती’च म्हणत असे आणि पंचमुखांची नावे तिला कोणी विचारली नाहीत. मला खरा राग वेगळ्याच गोष्टीचा येतो: चार दारांच्या गाभाऱ्यात लिंगाला टेकून लोक बूट घालून छायाचित्रे काढतात, त्यावर आपण अभ्यासक मंडळी अवाक्षर काढत नाही.

भरती_ओहोटी:
हे १९८७ पासून जागतिक वारसास्थळ आहे, गावचे देऊळ नव्हे. आज चपला काढायला लावाल, उद्या तेल आणि शेंदूर येईल. आमच्या गावाजवळच्या लेण्यात शेंदराची इतकी पुटे चढली आहेत की देवाचे नाक कोठे आहे ते पुजाऱ्यालाच विचारावे लागते.

शेतबंदरकर:
शेंदराचे नाव आपणच काढलेत. महाशिवरात्रीला बेल वाहिल्याने कातळ विरघळल्याचे आम्ही तरी पाहिले नाही. तेथल्या मूर्तींचे हातपाय मोडले ते बेलाच्या पानाने नव्हे. आम्ही पूजा केली की विद्रूपीकरण आणि पर्यटक लिंगाला टेकला की संस्कृतिप्रेम, हा न्याय आपल्यालाच लखलाभ.

कातळवेडा:
चर्चा मूर्तीची आहे, पादत्राणांची नाही.

शेतबंदरकर:
मग मूर्तीचेच विचारतो. लेण्यातला शिलालेख पोर्तुगीजांनी काढून आपल्या राजाकडे पाठवला आणि तो पुढे गहाळ झाला, असे त्यांच्याच दिओगो दो कौतो या इतिहासकाराने लिहून ठेवले आहे. लेखच हाती नसताना ‘सदाशिव’ हे नाव आपल्याला कोणी सांगितले? आजीचे नाव ऐकीव आणि आपले तेवढे शास्त्रीय?

कातळवेडा:
शैव आगमांतील, म्हणजे शिवोपासनेच्या जुन्या ग्रंथांतील, पंचमुखांच्या वर्णनांशी शिल्प ताडून अभ्यासकांनी ते नाव ठरवले आहे. ते मूर्तीखाली कोरलेले नाही, एवढे नाइलाजाने मान्य करतो. मिशा मात्र अभ्यासकांनी लावलेल्या नाहीत.

शेतबंदरकर:
मिशा आजीच्या वतीने मान्य. आता चपलांचे बोला.