मदत हवी आहे: तोंडातल्या चट्ट्याचा तुकडा न काढता लाळेची तपासणी चालेल का?

नमस्कार मंडळी,

माझी आत्या हर्णैला असते. वय साठीच्या पुढे. लग्न होऊन आली तेव्हापासून मशेरी लावते, तव्यावर तंबाखू जाळून घरीच करते. पावसाच्या आधीपासून तिला तिखट कालवण सोसेना. पित्त असेल म्हणून सगळ्यांनी सोडून दिलं. गणपतीत गेलो तेव्हा टॉर्च लावून बघितलं, तर डाव्या गालाच्या आत, खालच्या दाढांसमोर, नखाएवढा पांढरा चट्टा. ओल्या फडक्याने पुसून जात नाही आणि मधोमध लालसर, खरबरीत झालाय. दापोलीतल्या डेंटिस्टनी बघताक्षणी सांगितलं, तुकडा काढून तपासायला हवा.

इथेच घोडं अडलंय. आत्या म्हणते, "सुरी लागली की पसरतं. आमच्या पाखाडीतल्या काकांचं झालं ना तसंच."

तिच्यावर जबरदस्ती करायची नाही, पण वेळही घालवायचा नाही. म्हणून वाचत बसलो. लाळ जवळजवळ ९९ टक्के पाणीच, पण उरलेल्यात शेकडो प्रथिनं असतात. बरीचशी लाळग्रंथींतून येतात, काही रक्तातून हिरड्यांच्या फटीत पाझरतात. २००८ साली अमेरिकेतल्या संशोधकांनी लाळेतली पाच प्रथिनं एकत्र मोजून तोंडाच्या कॅन्सरचे ९० टक्के रुग्ण ओळखले होते. अशी तपासणी रत्नागिरीत किंवा मुंबईत होते का? इथून लाळ पाठवता येईल का? आणि उद्या उपचार करावे लागलेच, तर दुखणं उलटतंय का हे लाळेवरून कळत राहील का? तिला दर वेळी परळला टाटाला नेणं फार जड जाईल. जाणकारांनी कृपया सांगावं.

दंतवैद्य_चिपळूण:

आधी महत्त्वाचं. तुकडा काढायला उशीर करू नका. पुसून न जाणारा आणि मध्ये लाल झालेला चट्टा निव्वळ पांढऱ्या चट्ट्यापेक्षा जास्त काळजीचा. तुकड्याऐवजी चालेल अशी मान्यता मिळालेली लाळेची तपासणी आज नाही.

तुम्ही वाचलेला अभ्यास खरा आहे. एम२बीपी, प्रोफिलिन, सीडी५९, एमआरपी१४ आणि कॅटालेज ही ती पाच प्रथिनं. पण ९० टक्के सापडले म्हणजे शंभरातले दहा रुग्ण निसटले. आत्या त्या दहांत असल्या तर? शिवाय आजार नसलेल्या शंभरातल्या सतरा जणांना ती तपासणी आजारी ठरवत होती. आयएल-८, एमएमपी-८ अशी जी इतर प्रथिनं मोजतात, ती हिरड्या सुजल्यावरही वाढतात. वर्षानुवर्षं मशेरी लावणाऱ्या बाईच्या हिरड्या निरोगी सापडणं कठीण, मग वाढलेला आकडा हिरड्यांचा की चट्ट्याचा, हे ओळखायचं कसं?

लाळेवरच्या तपासण्या कुचकामी आहेत असं मात्र मुळीच नाही. तोंडातल्या द्रवावरून घरीच करायच्या एचआयव्ही चाचणीला अमेरिकेत २०१२ साली मंजुरी मिळाली. तिथे विषाणूविरुद्ध शरीराने तयार केलेलं प्रतिपिंड (अँटिबॉडी) आहे की नाही एवढंच बघायचं असतं, आणि तरीही निकाल होकारार्थी आला की पुढची तपासणी लागतेच. कॅन्सरमध्ये तीच प्रथिनं निरोगी माणसातही असतात, फरक फक्त कमी-जास्तीचा.

पाठवण्याबद्दल: बर्फाविना मासळी टिकत नाही, तशी लाळेतली प्रथिनंही टिकत नाहीत. तोंडातलीच विकरं (एन्झाइम) त्यांचे तुकडे पाडतात. संशोधनात तासभर आधी काही खाऊ-पिऊ देत नाहीत, लाळ बर्फात ठेवलेल्या नळीत घेतात आणि उणे ८० अंशांत साठवतात.

उपचारानंतर लक्ष ठेवण्यासाठी मात्र मला लाळेकडून खरंच आशा वाटते, कारण तिथे त्याच माणसाचा आधीचा आकडा तुलनेला असतो. सध्या तरी डोळ्यांनी बघणं आणि मानेतल्या गाठी चाचपणं हाच मार्ग, पहिल्या वर्षी दर एक ते तीन महिन्यांनी.

गुहागरची_लेक:

माझ्या आईचंही असंच होतं, तीही सुरीला घाबरायची. जागा बधिर करून मसुराएवढा तुकडा घेतला, एक टाका पडला. त्या दिवशी गार पेज प्यायली, दुसऱ्या दिवशी मऊ भात खाल्ला. तुकडा काढल्याने पसरत नाही, आधीच पसरलेलं असतं ते तेव्हा कळतं, हे डॉक्टरांनी तिला समोर बसवून सांगितलं तेव्हा ती तयार झाली. आत्यांना थेट डॉक्टरांच्या तोंडून ऐकू द्या.

धागाकर्ता:

दोघांचे मनापासून आभार. उद्याच आत्याला घेऊन दापोलीला जातो. एक राहिलं, तिला हृदयासाठी रक्त पातळ होण्याची गोळी चालू आहे. ती बंद करायची का?

दंतवैद्य_चिपळूण:

स्वतःहून बंद करू नका. गोळीचं पाकीट सोबत न्या, डेंटिस्टना दाखवा आणि गोळी देणाऱ्या डॉक्टरांना फोन करून विचारा. एवढ्या लहान तुकड्यासाठी बहुतेकदा थांबवावी लागत नाही. आणि मशेरी आजपासूनच बंद.