मदत हवी आहे: फसवून लावलेलं लग्न रद्द करण्याचा अर्ज (गुहागर)

मुलगी माहेरी गुहागरला, लग्न दापोलीत, नवरा मुंबईला. त्याचा जुना मानसिक आजार लपवला होता. औषधांच्या चिठ्ठ्या सापडल्यावर कळलं. हिंदू विवाह कायदा, १९५५ च्या कलम १२ खाली अर्ज करायचाय. फसवणूक कळल्यापासून एक वर्षाची मुदत आहे, ती संपलेली नाही. कलम १९ मुळे बायको राहते तिथल्या कोर्टातही अर्ज चालतो, म्हणजे मुंबईच्या फेऱ्या टळतील.

खरी अडचण वेगळी. कळल्यानंतर ती गणपतीला सासरी राहून आली. ‘माहीत असूनही राजीखुशीने नांदली’ हे समोरच्यांनी सिद्ध केलं, तर फसवणुकीचा आधारच जातो. नुसतं सणाला जाणं म्हणजे नांदणं नव्हे, हे कुणी कोर्टात पटवलंय का? कशाच्या जोरावर? दवाखान्याचे कागद कोर्टामार्फत मागवायचा अर्ज सुरुवातीलाच द्यावा की साक्षीच्या टप्प्यावर? आणि रत्नागिरी जिल्ह्यात अशी प्रकरणं चालवलेले वकील असतील तर कृपया लवकर कळवा, मुदत धावतेय.