सेफ्टी पिन लावली की झालं बंड?

तिरकस (मूळ धागा)

पंक म्हणजे सत्तरच्या दशकातलं भडक रॉक संगीत आणि त्यासोबतचा फाटका, पिनांनी टाचलेला वेश. ही पंक फॅशन म्हणजे रस्त्यावरच्या पोरांचं बंड, असं म्हणायची पद्धतच पडून गेली आहे. मला ते पटत नाही. हे बंड जन्माला आलं दुकानात. लंडनच्या किंग्ज रोडवर ४३० नंबरचं दुकान, चालवणारे व्हिव्हियन वेस्टवूड आणि माल्कम मॅक्लॅरन. १९७१ मध्ये तिथे पन्नासच्या दशकातल्या फॅशनचे कपडे मिळत. मग पाटी बदलली आणि बाइकवाल्यांचा माल आला. १९७४ मध्ये पुन्हा नवी पाटी, आता रबरी आणि चामडी कपडे. १९७६ मध्ये चौथी पाटी लागली 'सेडिशनरीज', म्हणजे राजद्रोही! गिऱ्हाईक बघून पाटी बदलणाऱ्याला आपण व्यापारी म्हणतो.

फाटका शर्ट आणि सेफ्टी पिन हीसुद्धा न्यूयॉर्कचा पंक गायक रिचर्ड हेल याच्याकडून केलेली उचल. मॅक्लॅरनने नंतर ते स्वतःच कबूल केलं. १९७७ मध्ये, म्हणजे बंडाची हळदही उतरली नव्हती तेव्हाच, फॅशन डिझायनर झँड्रा ऱ्होड्सने जडावाच्या पिनांचे ड्रेस बाजारात आणले. २०१३ मध्ये न्यूयॉर्कच्या मेट्रोपॉलिटन म्युझियमने पंक फॅशनचं प्रदर्शन भरवलं आणि त्यात सीबीजीबी या पंक बँडांच्या क्लबच्या कळकट संडासाची हुबेहूब प्रतिकृती उभारली. आता बोला.

रानमांजर

नाव सार्थ केलंत! दुकानाची कुंडली बरोबर मांडलीत, पण त्या दुकानातले कपडे परवडत होते कोणाला? बहुतेक पोरांनी घरातलेच जुने शर्ट फाडले, रंगवले, टाचले.

माझ्याच जॅकेटचं सांगते. जुनं, कोपरावर सोललेलं चामडी जॅकेट. पाठीवरच्या अक्षरांसाठी पुठ्ठ्याचा स्टेन्सिल कापला. कापडी तुकडे डेंटल फ्लॉसने शिवले, कारण साधा दोरा चामड्यावर घासून तुटतो. स्टड म्हणजे धातूची टोकदार टिकली, तिचे दोन पाय आरपार घालायचे आणि चमच्याच्या पाठीने आतून वळवायचे. एखादा पाय अर्धवट वळला तर दिवसभर मनगट ओरबाडतो. दोन महिने लागले. तेवढ्यात तीन घोषणा लिहून खोडल्या, कारण उद्या कोणी 'हे काय लिहिलंयस?' असं विचारलं तर उत्तर देता आलं पाहिजे. तयार माल घेणाऱ्यावर ही वेळच येत नाही.

आणि मुलींचं काय? 'एक्स-रे स्पेक्स' या पंक बँडची गायिका पॉली स्टायरीन दातांना तारा लावून, डोळ्यांत खुपणाऱ्या रंगांचे कपडे घालून माइकसमोर उभी राहायची. गाणारी मुलगी म्हणजे नटलेलीच असणार, ही अपेक्षा तिने उभ्या उभ्या मोडली. त्यासाठी कोणत्या दुकानाची पाटी लागली?

खडूस_काका

दोन महिन्यांच्या चिकाटीला दाद देतो. शंका दोन.

एक, स्वतःच्या हाताने केलं म्हणून त्याला आत्माविष्कार म्हणता, तर सगळे आविष्कार सारखेच कसे? तेच काळं जॅकेट, तेच डॉक मार्टेन्स. तो बूट १९६० मध्ये आला तेव्हा टपालवाले नि कारखान्यातले कामगार पाय दुखू नयेत म्हणून घालत. त्यांच्या पायात तो बूट होता, तुमच्या पायात आला की विचारधारा झाली!

दोन, सुरुवातीच्या पंक मंडळींत कित्येक जण दंडावर नाझी स्वस्तिक मिरवायचे. 'लोकांना धक्का द्यायला' म्हणे. ज्यांची माणसं छळछावण्यांत मेली त्यांच्यासमोर हे घालणं कसला निषेध?

रानमांजर

स्वस्तिकाची बाजू घेणार नाही, तो निव्वळ माजुरडेपणा होता. पण त्याच गोटातली माणसं वंशद्वेषाविरुद्धही उभी राहिली. एप्रिल १९७८ मध्ये लंडनच्या व्हिक्टोरिया पार्कात 'रॉक अगेन्स्ट रेसिझम'चा मोठा कार्यक्रम झाला, तिथे 'द क्लॅश' हा पंक बँड वाजला आणि पॉली स्टायरीनही गायली.

काठावरचा

चर्चा लंडनमध्येच अडकली आहे. डिसेंबर २०११, इंडोनेशियातलं बांदा आचे. पोलिसांनी एका पंक कार्यक्रमातून साठहून अधिक जणांना उचललं. गुन्हा काही दाखल नाही. मुलांची डोकी भादरली, मुलींचे केस कापले, 'शुद्धीकरणा'साठी सगळ्यांना तळ्यात उतरवलं आणि सुधारणेच्या नावाखाली दहा दिवस पोलीस प्रशिक्षण केंद्रात ठेवलं. यांना मेट्रोपॉलिटन म्युझियमची तिकिटं दाखवून काय उपयोग?

पेन्सिल

'सेक्स पिस्टल्स' या पंक बँडचा गायक जॉनी रॉटन, त्याच्यावरही १९७७ च्या जूनमध्ये हल्ला झाला होता ना?

काठावरचा

हो, पण तो राणीवरच्या गाण्यामुळे. कपड्यांच्या खात्यावर नको घालायला.

तिरकस

आचेचं उदाहरण बिनतोड आहे, मान्य. तरी बघा, तिथे त्या केसांना राजकीय अर्थ दिला पोलिसांनी. पोरं गाणी ऐकायला आली होती. म्हणजे निषेध कपड्यात नसतो, समोरच्याच्या दंडुक्यात असतो. जिथे दंडुका नाही तिथे उरते फॅशन. वेस्टवूड आणि मॅक्लॅरनच्या मुलानेच २०१६ मध्ये थेम्स नदीत बोटीवर स्वतःजवळच्या पंक वस्तू जाळल्या, किंमत पन्नास लाख पौंड असल्याचं त्याचंच म्हणणं. पंक म्हणजे आता संग्रहालयातली चीज झाली, हीच त्याची तक्रार होती. घरचाच आहेर!

काठावरचा

दंडुका पोलिसांचाच असतो असं नाही. पंकची मावसबहीण म्हणजे गॉथ, काळे कपडे नि गडद मेकअपवाली मंडळी. २००७ मध्ये इंग्लंडमधल्या बेकप गावी, रात्री बागेत, गॉथ वेशातल्या एका जोडप्याला पोरांच्या टोळक्याने मारलं. वीस वर्षांची ती मुलगी पुढे दवाखान्यात वारली. तिने कोणाचा निषेध वगैरे केला नव्हता. २०१३ पासून ग्रेटर मँचेस्टरचे पोलीस अशा हल्ल्यांची नोंद द्वेषगुन्हा म्हणून करू लागले. 'नुसती फॅशन' असती तर पोलिसांना ही नोंद कशाला लागली असती?

तिरकस

याला माझ्याकडे उत्तर नाही. पण मग हा मुद्दा निषेधाचा उरत नाही, हवं तसं दिसून जिवंत राहण्याचा होतो. तो मला मान्यच आहे. जडावाच्या पिनांना बंड म्हणणार नाही म्हणजे नाही.

रानमांजर

जडावाच्या पिना तुमच्या. उरलेल्या आमच्या.

खडूस_काका

चालू द्या. रानमांजर, ते डेंटल फ्लॉसचं खरं आहे का? माझ्या छत्रीची काडी कापडापासून सारखी सुटते, दोरा टिकतच नाही. आज तेच लावून बघतो.