मानेच्या एमआरआयमध्ये गादीही सरकलेली आणि मज्जारज्जूत डागही : लक्षणे कशाची समजावीत?

माझ्या ३४ वर्षांच्या धाकट्या बहिणीला तीन महिन्यांपासून दोन्ही तळपायांत बधिरता आहे आणि मान पुढे वाकवली की पाठीतून पायांपर्यंत विजेचा झटका बसल्यासारखे होते. १.५ टेस्लाच्या यंत्रावर, कॉन्ट्रास्ट (शिरेतून दिले जाणारे, बिघाड उठून दिसण्यासाठीचे औषध) न देता मानेचा एमआरआय केला. अहवालानुसार सी५-सी६ (मानेचा पाचवा व सहावा मणका) मधली गादी किंचित बाहेर आली आहे, मात्र तिचा मज्जारज्जूवर दाब नाही. शिवाय सी३ च्या पातळीवर, मज्जारज्जूच्या मागच्या भागात, एका मणक्याहून कमी लांबीचा डाग टी२ या प्रकारच्या एमआरआय प्रतिमेत पांढरा दिसतो. शेवटी नेहमीचे 'क्लिनिकल कोरिलेशन' (लक्षणांशी ताडून पाहा) आहेच, म्हणजे निष्कर्ष आपला आपण काढायचा.

अस्थिरोगतज्ज्ञांनी गादीवर बोट ठेवून फिजिओथेरपी सांगितली. न्यूरॉलॉजिस्टांच्या मते, दाब न देणाऱ्या गादीमुळे दोन मणके वर असा डाग पडणार नाही. म्हणून मल्टिपल स्क्लेरोसिसची (रोगप्रतिकारशक्तीच मेंदू-मज्जारज्जूतील मज्जातंतूंच्या आवरणावर हल्ला करते तो आजार) शक्यता तपासण्यासाठी मेंदूचा आणि संपूर्ण कण्याचा कॉन्ट्रास्टसह एमआरआय, अ‍ॅक्वापोरिन-४ अँटिबॉडीची रक्ततपासणी (अशाच दिसणाऱ्या एका वेगळ्या आजारासाठी) आणि गरज पडल्यास पाठीतले पाणी काढून तपासणे, असा क्रम त्यांनी दिला आहे. पातळीचा हा मुद्दा मला पटतो.

घोळ झाला तो बी१२ मुळे. ती पूर्ण शाकाहारी आहे आणि तिचे बी१२ १६८ आले. या कमतरतेनेही मज्जारज्जूचा मागचाच भाग बिघडतो, मान वाकवल्यावर झटकाही बसू शकतो; मात्र तो डाग सहसा लांबट आणि दोन्ही बाजूंना सारखा असतो, असे मी वाचले आहे. आमच्या अहवालात डाग मध्ये आहे की एका बाजूला, हेच लिहिलेले नाही. रेडिओलॉजिस्टांकडे आडव्या छेदातील प्रतिमा पाहून तेवढी पुरवणी मागता येते का?

बी१२ ची इंजेक्शने सुरू झाली आहेत. घरच्यांचे म्हणणे असे की महिनाभर थांबू, बधिरता ओसरली तर पुढच्या तपासण्या कशाला. आईला तर पाठीतले पाणी काढण्याच्या नुसत्या कल्पनेनेच धडकी भरते. पण मल्टिपल स्क्लेरोसिसमध्ये उसळलेली लक्षणेही काही आठवड्यांत आपोआप ओसरू शकतात, मग बरे वाटले म्हणून दोष बी१२ चाच होता असे कसे म्हणावे? लघवी अडल्यास किंवा पायातली ताकद गेल्यास तडक रुग्णालयात यायला सांगितले आहे. तसे अजून काही नाही.

या टप्प्यातून गेलेल्यांनी किंवा या विषयातल्या डॉक्टरांनी कृपया सांगावे : निदान मेंदूचा एमआरआय तरी आताच करून घ्यावा का, आणि लक्षणांना तीन महिने उलटल्यावर कॉन्ट्रास्टमधून वेगळे काही कळते का?