श्रीनिवासन यांचा वारसा कोणता: चेन्नईचे पाच चषक की ६.२.४?

धुरकरी
सोयाबीन निघालं, कापसाचे पहिले वेचे झाले की आपल्याकडं विदर्भात गावोगावी टेनिस बॉलच्या ‘प्रीमियर लीग’चे फ्लेक्स लागतात. आठ संघ, आठ मालक, गुणांवर खेळाडूंचा लिलाव. बहुतेक ठिकाणी आयोजन समितीचा अध्यक्षच एका संघाचा मालक असतो आणि कोणाला ते खटकतही नाही. माझ्या मते ही रीत वरून खाली आली, भारतीय क्रिकेट मंडळाचे (बीसीसीआय) माजी अध्यक्ष आणि आयपीएलमधल्या चेन्नई संघाचे मालक एन. श्रीनिवासन यांच्याकडून.

थोडक्यात प्रकरण असं. बीसीसीआयच्या नियमावलीत ६.२.४ हे कलम होतं. मंडळाच्या कारभाऱ्याला मंडळाच्या सामन्यांत प्रत्यक्ष किंवा आडून व्यापारी हितसंबंध ठेवायला मनाई. २००८ च्या सुरुवातीला इंडिया सिमेंट्सनं ९.१ कोटी डॉलरला चेन्नईचा संघ घेतला, तेव्हा कंपनी चालवणारे श्रीनिवासन मंडळाचे खजिनदार होते. सप्टेंबर २००८ मध्ये कलमाला शेपूट जोडलं: आयपीएल आणि चॅम्पियन्स लीग ट्वेंटी-२० वगळून! आधी खरेदी, मग नियम. २०११ मध्ये तेच अध्यक्ष. मे २०१३ मध्ये जावई गुरुनाथ मय्यपन यांना सट्टेबाजी प्रकरणात अटक झाली, तर चौकशी समितीही मंडळानंच नेमली. मुंबई उच्च न्यायालयानं ती बेकायदा ठरवली. शेवटी २२ जानेवारी २०१५ ला सर्वोच्च न्यायालयानं ते शेपूट छाटलं. चषक पाच असतील, पण माणूस लक्षात राहील तो या शेपटासाठी.

गडचांदूरकर
भाऊ, अर्धंच सांगून रायले तुमी. प्रकरण दाबल्याचा आरोप श्रीनिवासनवर सिद्ध झाला नाही, हेही त्याच निकालात हाय. ते काहून गाळलं?

आता संघाचं पाहा. २००८ च्या लिलावात प्रत्येक संघाले ५० लाख डॉलरची मर्यादा होती. मुंबईकडं सचिन आयकॉन, म्हणजे लिलावाबाहेर ठेवलेला घरचा खेळाडू, आणि आयकॉनले संघातल्या सगळ्यात महागड्या खेळाडूपेक्षा १५ टक्के जास्त द्यायचे. म्हणजे धोनीवर बोली जितकी वर, तितका सचिनचाही आकडा वर. चेन्नईनं आयकॉनच घेतला नव्हता, त्यामुळं हात मोकळा. १५ लाख डॉलरले धोनी उचलला. यात कोणतं कलम मोडलं? हिशोब केला, बाकीच्यांनी नाही केला. मंग तोच गाभा वर्षानुवर्षं धरून ठेवला.

आणि ही कंपनी आयपीएल आली म्हणून क्रिकेटात नाही उतरली. चेन्नईच्या लीगमधले संघ ती आधीपासून पोसत होती, खेळाडूले नोकरी देत होती. द्रविडसुद्धा त्यांच्या पगारावर होता. आमच्या कोरपना-राजुऱ्याच्या पट्ट्यात सिमेंटच्या चिमण्या काय कमी हायत? क्रिकेट खेळते म्हणून पोराले बारमाही पगार देणारा मालक दाखवा मले एक.

धुरकरी
नोकरी दिली हे मान्य, पण नोकरीच इथं अडचण होते. भारताचा कर्णधार मंडळाच्या अध्यक्षांच्या कंपनीत उपाध्यक्ष. निवड समितीचे अध्यक्ष श्रीकांत चेन्नई संघाचे सदिच्छादूत. २०१२ च्या सुरुवातीला ऑस्ट्रेलियात ०-४ झाल्यावर निवडकर्त्यांना धोनीला कर्णधारपदावरून काढायचं होतं. अध्यक्षांनी अधिकार वापरून ते थांबवलं, आणि पुढं स्वतः तसं सांगितलंही. निर्णय बरोबर असेल, नसेल. पण तो कर्णधारासाठी घेतला की आपल्या संघाच्या धोनीसाठी, हे कोण ठरवणार? चोरी सिद्ध व्हावी लागते, हितसंबंधांना तशी अट नाही. ते नुसते असले तरी निर्णय नासतो.

बोरधरणकाठ
दोघंही चेन्नईतच अडकलात. याचा भुर्दंड विदर्भाला बसला, त्यावर कोणी बोलेना. सर्वोच्च न्यायालयानं नेमलेल्या लोढा समितीनं १४ जुलै २०१५ ला चेन्नई-राजस्थानला दोन वर्षं बाहेर बसवलं, तिथवर ठीक. पण पुढच्या शिफारशींत ‘एक राज्य, एक मत’ आलं आणि १८ जुलै २०१६ ला न्यायालयानं ते उचलून धरलं. महाराष्ट्रात तीन संघटना: मुंबई, महाराष्ट्र, विदर्भ. म्हणजे आपलं कायमचं मत टांगणीला. दुखणं सासऱ्या-जावयाचं, औषध आपल्याला! मत टांगणीला असतानाच १ जानेवारी २०१८ ला इंदुरात विदर्भाचा कर्णधार फैज फजलच्या पोरांनी दिल्लीला हरवून पहिली रणजी आणली. पूर्ण सदस्यत्व परत मिळालं ते ९ ऑगस्ट २०१८ ला.

नोव्हेंबर २०१५ मध्ये आयसीसीच्या चेअरमनपदी श्रीनिवासन यांच्या जागी गेले ते नागपूरचे शशांक मनोहर. त्यांच्या काळात ‘बिग थ्री’ची (भारत, इंग्लंड, ऑस्ट्रेलिया) वाटणी मोडली, आयसीसीच्या कमाईतला भारताचा वाटा घटला. ते चांगलं की वाईट, यावर वेगळा धागा काढा, इथं रामायण होईल.

पांढरकवडा_स्कोरर
गावच्या लीगकडं या राजेहो, तिथं सुधारता येतं. मालकच आयोजक असला की गडबड तीन जागी होते.

पहिली जागा लिलावाची वही. समजा प्रत्येकाला १,००,००० गुण, १४ खेळाडू घ्यायचे, मूळ बोली २,०००. तर कमाल बोली = शिल्लक गुण वजा (उरलेल्या जागा वजा १) गुणिले मूळ बोली. पहिल्या खेळाडूवर ७४,००० च्या वर जाताच येत नाही. तिघांवर ६०,००० गेले तर ११ जागा आणि ४०,००० उरतात, म्हणजे पुढची कमाल बोली २०,०००. वही अध्यक्षाच्या माणसाकडं असली की हा आकडा त्याच्या संघापुरता पुकारला जात नाही. दोन स्टार जास्त येतात आणि शेवटच्या जागा ‘राखीव’ म्हणून फुकट भरल्या जातात. उपाय सोपा: फळा उभा करायचा, प्रत्येक बोलीनंतर आठही संघांची कमाल बोली खडूनं लिहायची.

दुसरी जागा वेळापत्रक. चार-चारचे दोन गट, गटात सहा, म्हणजे बारा सामने. दोन उपांत्य, एक अंतिम, एकूण पंधरा. मैदान एकच, त्यामुळं गटातला शेवटचा सामना खेळणाऱ्याला धावगतीसाठी किती षटकांत जिंकायचं हे आधीच कळलेलं असतं. तो सामना दरवर्षी कोणाच्या वाट्याला येतो ते पाहा. चिठ्ठ्या लिलावाच्याच मांडवात, लहान पोराच्या हातून काढाव्यात.

तिसरी जागा बाहेरचे खेळाडू. संघाला दोन, असा नियम सगळीकडं छापलेला असतो. आधार कार्ड मात्र उपांत्य फेरीत, तेही समोरच्याचंच तपासतात. तपासायचं तर लिलावाआधी.

गडचांदूरकर
हे पटलं. पण पैशाचं बोला ना. सामन्याले दोन नवे चेंडू म्हटलं तरी पंधरा सामन्यांचे तीस, आणि धुऱ्यापलीकडं तूर उभी असली तर चाळीस धरा, आत गेलेला चेंडू तूर कापल्यावरच सापडते. वरून लाइट, जनरेटरचं डिझेल, मांडव, पंच. प्रवेश फीमधून बक्षिसाचेच पैसे निघतात. बाकी खिसा कोनाचा? त्याच मालकाचा. त्याले समितीतून काढलं तं स्पर्धाच नाही होत. श्रीनिवासनचंही तसंच. डिसेंबर २०२४ मध्ये अल्ट्राटेकनं इंडिया सिमेंट्स घेतली, गडी पायउतार झाला. पण संघ २०१५ मध्येच वेगळ्या कंपनीत काढून ठेवला होता, म्हणून कारखाना गेला तरी पिवळी जर्सी राहिली. एवढी पुढची सोय कोणता पदाधिकारी करते?

धुरकरी
ती सोय संघासाठी झाली, खेळासाठी नाही. तो संघ वेगळा काढला तोही निकालानंतर, महिन्याभरात.

पांढरकवडा_स्कोरर
मालकानं पैसे द्यावेत, मांडवावर नाव लावावं, अध्यक्षही व्हावं. फक्त वही, चिठ्ठ्या आणि पंच त्याच्या हातात नकोत. पंच शेजारच्या तालुक्यातले आणि त्यांचं पूर्ण मानधन पहिल्या सामन्याआधी रोख. रोज संध्याकाळी अध्यक्षाच्या हातून पाकीट घेणारा पंच पाचव्या दिवशी अध्यक्षाच्या सलामीवीराला पायचीत देत नाही.

गडचांदूरकर
टेनिस बॉलमध्ये पायचीत कोन देते भाऊ? धावबादचं बोला.

पांढरकवडा_स्कोरर
धावबादसाठी तर लेग-अंपायर फलंदाजी करणाऱ्या संघाचा बदली खेळाडू असतो. तो आधी हलवा.